कुलूपबंद प्रश्न

"सहा वर्षांपूर्वीचा प्रश्न कशाला उकरून काढता?" असं सुनावून सबनिसांनी प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटवरून डॉक्टरीणबाईंचं उत्तर उडवलं. ॲसिड पोटात गेलं तर मीठपाणी पाजून ओकायला लावू नका, घसा पुन्हा भाजतो, एवढंच बाईंनी लिहिलं होतं. पण साइटचा नियम म्हणजे नियम, आणि सबनीस तिथले राखणदार. मीठपाण्याच्या जुन्या उत्तरावरची खात्रीची हिरवी खूण तशीच ठेवून त्यांनी नव्या उत्तरांसाठी प्रश्नाला कुलूप घातलं.

महिन्याभराने सबनिसांच्या नातीने मोरीतली ॲसिडची बाटली तोंडाला लावली.

"मीठपाणी कुणी पाजलं?" अतिदक्षता विभागाबाहेर येऊन डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," सून म्हणाली आणि आधारासाठी सबनिसांकडे वळली. "बाबांच्याच साइटवर वाचलं. हिरवी खूण होती, खाली कुणी नको म्हटलं नव्हतं. सांगा ना यांना, बाबा."