पहिली वेलांटी

"अहो, नेट नक्की बंद केलंत ना?" मंदाताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"केलं गं!" अच्युतराव म्हणाले.

दोघांच्या टॅबवर शेळी आणि साहेबांच्या विनोदी गोष्टीचं अख्खं पान चित्रांसकट उतरवलेलं होतं. एरवी नेटवरचं पान वाचणाऱ्याचा कल ओळखून आपोआप बदलायचं; नेट बंद असलं की मात्र मूळ लिहिलेलंच दिसायचं. मंदाताईंच्या पानावर शेळी जिंकायची, अच्युतरावांच्या पानावर साहेब. "असं लिहिलेलंच नाही!" यावरून बारा वर्षं घरात रोज वाद.

आज दोघं एकत्र मोठ्याने वाचू लागले. शब्दाला शब्द जुळत गेला! शेळीने साहेबांची फाइल खाल्ली, तिथे दोघंही एकदमच हसले.

तेवढ्यात अच्युतराव ओरडले, "अगं, 'पाणी'ला पहिली वेलांटी!"

"माझ्याकडेही पहिलीच!" मंदाताई जवळजवळ उडाल्याच.

उतरवलेल्या पानात दुरुस्ती करता यायची. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या अच्युतरावांचे हात शिवशिवू लागले. मंदाताईंनी त्यांचा हातच धरला.

"थांबा हो! आत्ता कुठे आपल्या दोघांना एकच चूक दिसतेय."

अच्युतरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच समोर दिसणारी चूक तशीच राहू दिली.