बारवेपासून शंभर मीटर

"हे टोक धरा मावशी, आणि सरळ तुमच्या घराकडे चला," पुरातत्त्व खात्याच्या अर्पिता मॅडम म्हणाल्या.

टेपच्या टोकाची लोखंडी कडी उषाबाईनं बोटात घेतली, पण पाय उचलला नाही. "बारव मोजायला आल्या ना तुम्ही? मंग माझ्या घराकडं कामून?"

"बारव संरक्षित स्मारक झाली की तिच्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, अलीकडं झालेल्या बांधकामाचीही चौकशी होते. ते शंभर मीटर कुठवर येतात, बघायचंय."

उषाबाईनं मागं पाहिलं. सून सुरेखा लेकरू खांद्यावर टाकून पायाच्या खड्ड्यापाशी उभी होती. गेल्या पावसात मातीची भिंत बसली, तेव्हापासून सगळे पत्र्याखाली. घरकुल आत्ता कुठं मंजूर झालेलं. पाया परवाच खांदला होता.

"चाल की, उषाबाई," बारवेच्या काठावर बसलेले सरपंच काकासाहेब म्हणाले. "गावाचं नाव व्हईल. नुसतं हसनाबादेतून नाही, पार औरंगाबादेतून लोक बघायला येतील."

मॅडमची फाईल त्यांच्या मांडीवर होती. मॅडमची फाईल यांच्या मांडीवर कशी काय, हे उषाबाईला कळेना.

ती चालली. टेप खरखरत उलगडत गेली. पन्नास मीटरला मॅडमनी दगड ठेवून खूण केली आणि तिथून टेप परत लावली. कडी पायाच्या खड्ड्याला टेकली तशा त्या मोठ्यानं ओरडल्या, "सदतीस! आधीचे पन्नास. सत्त्याऐंशी!"

अख्ख्या आळीनं ऐकलं.

मॅडम टेप गुंडाळत जवळ आल्या. सुरेखानं विचारलं, "म्हंजी काय झालं?"

"म्हणजे इथं घर बांधता येणार नाही. मी काय करू? अर्ज मावशींचाच आहे. पहिली सही त्यांची."

सही तिचीच होती. काकासाहेबांच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी बारवेत पत्रावळ्या, प्लास्टिकचे ग्लास, उरलेला भात. उषाबाई टोपली घेऊन पायऱ्या उतरायची आणि सगळं वर काढायची. दिवाळीत काकासाहेब स्वतः बारव संरक्षित करायच्या अर्जाचा कागद घेऊन आले होते. सही कर, सरकारी पाटी लागली की घाण टाकायची कुणाची हिंमत व्हनार न्हाई, म्हणाले. घाण टाकणाराच घाण थांबवायला दारोदार सह्या गोळा करत फिरतो, हे तिला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. आत्ता खटकलं.

शेजारचा बदरोद्दीन शेळ्यांना पाला टाकत होता. दुसरी सही त्याची होती. "भाबी, काकासाहेब पार्किंगला तुझी जागा मागायला कितींदा आल्ते?"

"दोनदा."

"मंग बराबर. आता तिसऱ्यांदा यायचं काम न्हाई. घरच न्हाई बांधता येत, तर जागेचं काय लोणचं घालतीस?"

मॅडम बारवेकडं वळल्या. उषाबाईनं कडी सोडली नाही. ती मागोमाग गेली, तिच्या मागं बदरोद्दीन.

"मॅडम, आता हिकडलं मोजा. ह्यांचं मंगल कार्यालय."

"त्या बाजूचं मोजायची गरज नाही. नकाशात ती जागा मोकळी आहे."

"मोकळी?"

मॅडमनी काकासाहेबांकडून फाईल घेतली आणि नकाशा उघडला. मधोमध बारवेचा चौकोन. डावीकडं उषाबाईचं घर होतं, बदरोद्दीनचा शेळ्यांचा गोठासुद्धा होता. उजवीकडं, जिथं डोळ्यांपुढं दोन मजले उभे होते, तिथं लिहिलं होतं: पडीक, बाभळी.

बदरोद्दीननं मान वाकडी करून वाचलं. "माझी बकरी दिसली, आन ह्यांचे दोन मजले न्हाई दिसले? कमाल आहे कागदाची."

"कुणी दिला हा?" उषाबाईनं विचारलं.

"ग्रामपंचायतीकडून आलाय." मॅडम काकासाहेबांकडं न बघता म्हणाल्या. त्या बघत नव्हत्या, हेच उषाबाईला जास्त टोचलं.

"अगं, ते जुनं बांधकाम हाय," काकासाहेब म्हणाले.

"जुनं? दोन वर्सं झाली. तुमच्या स्लॅबला पाणी मारायला मीच व्हते की."

"चला मॅडम, चहा घेऊ." काकासाहेब पँट झटकत उठले. "बाया काय, बोलतच राहतेत."

उषाबाई कडी घेऊन निघाली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. मॅडमच्या हातातली चकरी फिरायला लागली. सोडावी का धरावी, त्यांना सुचेना, म्हणून त्या धरून राहिल्या. उषाबाई कार्यालयाच्या पहिल्या खांबापाशी थांबली, कडी खांबाला टेकवली आणि टेप ताणली. फार चालावं लागलं नाही.

"वाचा."

मॅडमनी चकरीकडं पाहिलं. आकडा त्यांच्या अंगठ्याखाली होता. अंगठा हलला नाही.

सुरेखा लेकरू घेऊन पुढं आली. आळीतल्या बाया दारांत आल्या. काकासाहेब अजून चहाचंच बोलत होते, पण आवाज बसला होता.

"वाचा की, मॅडम," उषाबाई खांबापासून म्हणाली. "माझ्या घराचं कसं मोठ्यानं वाचलं व्हतं!"