न कापलेली पानं

लंडनचं पाकीट आलं तेव्हा बाजरी संशोधन केंद्रातल्या शमुवेल साळव्यांनी ते उभ्याउभ्याच फाडलं. एकाहत्तरच्या हिवाळ्यात पारनेरकडे अरगट रोगाची बाजरी खाऊन माणसं ओकत होती, लेकरं दगावत होती. सगळी परदेशी मासिकं धुंडाळूनही काही हाती लागेना, म्हणून त्यांनी दिवाळीत तिकडच्या तज्ज्ञाला पत्र टाकलं होतं. उत्तर होतं: “दाणे मिठाच्या पाण्यात टाका, विषारी तेवढे तरंगतील. हा शोध तुमच्याच केंद्राचा, बेचाळीसच्या अहवालातला.” साळव्यांनी पाठीमागचं कपाट उघडलं. अहवाल तिथंच होता. छापखान्यातून आल्यापासून त्याची कडेला जुळलेली पानं वाचण्यासाठी कुणी कापलीसुद्धा नव्हती. बियाणं निवडणारी मनकर्णा दारात आली. तिची नात महिन्यापूर्वी याच बाजरीनं गेली होती. “सायेब, काय औषद लिवलंय?” “मिठाचं पाणी,” साळवे पुटपुटले. “मीठ तर घरात हुतं, सायेब.”