कात्रीसाठी ठेवलेला पुतळा

पडद्यावर बँकेचा मॅनेजर चौथ्या मजल्यावरून पडला, ट्रामखाली आला आणि मग त्याने पेट घेतला. त्याची मिशी त्याच्या आधीच जमिनीवर पोहोचली होती. रोमच्या सेन्सॉर समितीचे अध्यक्ष, प्रोफेसर सान्तूच्ची, यांनी जांभई दिली.

मागच्या रांगेत दिग्दर्शक नेव्हिओ ताद्देईने निर्मात्याच्या कानाशी तोंड नेलं. "ते पेंगतायत, कमेंदातोरेसाहेब."

"पेंगत का होईना, कापतील," निर्माता स्क्वार्चा म्हणाला. "न्हाव्याच्या खुर्चीत बसलास की तो काहीतरी कापणारच. आपण थोडे केस वाढवून जायचं, एवढंच."

हा स्क्वार्चाचा शिरस्ता होता. प्रत्येक मारधाडपटात चार मिनिटं अशी घालायची, की समितीने ती पाहताच कात्री उचलावी आणि बाकीचं दमून सोडून द्यावं. या खेपेला बँकेच्या मॅनेजरच्या जागी त्याने शिंप्याच्या दुकानातून एक पुतळा आणला होता आणि त्याच्या फुटलेल्या डोक्यासाठी खाटकाकडून वासराचा मेंदू. एका दुपारीत काम उरकलं. पुतळ्याच्या तळपायावर दुकानाची चिठ्ठी तशीच राहिली होती. काढू का, असं नेव्हिओने विचारलं, तेव्हा स्क्वार्चा म्हणाला होता, "कापल्यावर कोण पाहणार आहे?"

या सिनेमात एकूण तेवीस माणसं मरत होती. त्यांचं समितीने काय करायचं ते करावं, नेव्हिओला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याला वाचवायची होती ती फक्त चाळीस सेकंद. मेलेल्या पोलिसाची आई स्वयंपाकघरात त्याचा शर्ट धुते, एवढाच प्रसंग. ठरलेली नटी आली नाही म्हणून तो नेव्हिओच्या आईने, एर्सिलियाने, स्वतःच्याच स्वयंपाकघरात केला होता. अकरा सिनेमांत पहिल्यांदाच मुलाने तिला "बघायला ये" म्हटलं होतं. तिने नवा कोट शिवायला टाकला होता आणि इमारतीतल्या तिन्ही जिन्यांवरच्या बायकांना आमंत्रणं दिली होती.

दिवे लागले. समितीने एकमेकांत कुजबूज केली, पाणी प्यायलं आणि दोघांना पुढे बोलावलं.

"पुतळा राहू द्या," सान्तूच्ची म्हणाले.

स्क्वार्चाला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "राहू द्या?"

"त्यात मरतं कोण? आपल्याला इजा झाल्याची तक्रार आजवर एकाही पुतळ्याने केलेली नाही. बाकीच्या मारामाऱ्याही चालतील. पोरं हसतील आणि घरी जातील." अध्यक्षांनी कागद उलटला. "मात्र तो शर्ट काढावा लागेल. प्रोफेसरबाईंचा आग्रह आहे, आणि आम्हाला तो पटतो."

टेबलाच्या टोकाला शिक्षणशास्त्राच्या ब्रान्दोलिनबाई बसल्या होत्या. साठीच्या, करड्या पोशाखातल्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यात तर कोणी मरतच नाही," नेव्हिओ म्हणाला.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

नेव्हिओने टेबलावर दोन्ही हात टेकले. "पुतळा घ्या. चारही मिनिटं घ्या. वर पाहिजे तर गॅरेजमधली मारामारी घ्या, ती बरी जमली आहे. तेवढी चाळीस सेकंद सोडा."

"दोत्तोरे ताद्देई, इथे भाजी विकत नाहीत," सान्तूच्ची म्हणाले. "शर्ट काढलात तर चौदाच्या वरच्या सगळ्यांना सिनेमा खुला. ठेवलात तर अठरा. ठरवा."

"ठरलं," स्क्वार्चा म्हणाला. त्याने पेनही बाहेर काढलं होतं.

"कमेंदातोरे, माझी आई आहे त्यात."

"अरे, मग आईला पुढच्या सिनेमात घेऊ. चांगली गोळी घालू तिला, कोणी कापणार नाही." त्याने सही केली आणि शाईवर फुंकर मारली.

ब्रान्दोलिनबाईंनी आता नेव्हिओकडे पाहिलं. "त्या तुमच्या आई? नटी नाहीत?"

"नाही. माझ्या मामाने पाठवलेले गालिचे विकते. आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नव्हती."

"पाणी गार घ्यायला त्यांना कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी वाफ मागितली होती, वाफ पडद्यावर छान दिसते. सगळ्या लोकांसमोर मला गाढव म्हणाली. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो म्हणे."

"बसतो," बाई म्हणाल्या.

दुपारचा एक वाजत आला होता. कोपऱ्यावरच्या खानावळीत गुरुवारचे बटाट्याचे न्योकी लवकर संपतात, याची समितीतल्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आठवण करून दिली. मंडळींनी टोप्या उचलल्या. स्क्वार्चा अध्यक्षांसाठी दार धरून उभा राहिला आणि त्यांच्यामागोमाग गेला.

ब्रान्दोलिनबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी पेनला टोपण लावलं, कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली.

"कापण्याआधी," त्या म्हणाल्या, "तेवढं पुन्हा दाखवता येईल?"

नेव्हिओने मागे वळून यंत्रवाल्याला खूण केली. दिवे गेले.

पडद्यावर एर्सिलियाने घमेल्यात पाणी सोडलं. शर्ट बुडवण्याआधी ते गार आहे ना, हे तिने बोट घालून पाहिलं.

अंधारात बाईंनी होकारार्थी मान हलवली.