एक जूनची माणसं

चार वाजेपर्यंत स्क्रीनवर एकही लाल ओळ दिसता कामा नये, असं विनोद सरांनी सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. आवाज चढवून नाही. ते कधीच आवाज चढवत नसत, आणि रविनाला त्याचीच जास्त धास्ती वाटे.

मोखाड्याच्या बाजारात दुकानांवरची ती भाड्याची खोली. खाली आठवडी बाजाराचा गलका, वर दोन कॉम्प्युटर, औषधांचा फ्रिज आणि पडद्याआड रोशनी सिस्टरांची खाट. रक्त वाढवायच्या एका नव्या इंजेक्शनची चाचणी इथून चालायची. गावोगावची माणसं तीन डोस घ्यायची. प्रत्येक डोसनंतर त्यांना काय झालं ते रविना कागदावर लिहून आणायची आणि कागद स्कॅन करून सिस्टीममध्ये चढवायची. उद्या सरकारी तपासणी होती. तपासणीवाले माणसं बघत नाहीत, नोंदी बघतात, असं सर म्हणायचे.

लाल ओळी चौदा. सगळ्यांची तक्रार एकच, हा माणूस दोनदा नोंदलाय. आता सिस्टीमचा तरी काय दोष? माणसाचं गुपित राहावं म्हणून नाव घालायचंच नाही. नुसती नावाची इंग्रजी आद्याक्षरं, गाव आणि जन्मतारीख. आणि रविनाच्या पोशेऱ्यात जन्मतारीख कुणाला ठाऊक? शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट एक जून लिहिली, वर्ष अंदाजानं टाकलं, आणि तीच पुढे आधार कार्डावर गेली. अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. रविना स्वतःसुद्धा त्यातलीच. मुंबईत बसून ज्यांनी ही सिस्टीम बनवली, त्यांच्या स्वप्नातही असलं गाव आलं नसणार.

ओळीवर गेलं की सिस्टीम विचारायची, ही एकच व्यक्ती आहे का? ‘होय’ दाबलं की दोन नोंदींची एक व्हायची. ताजी वर राहायची, जुनी आत जायची. मग रविनाने आपला पासवर्ड टाकायचा. तीच तिची सही, ‘मी पडताळले आहे’. तेरा ओळी तिने अशाच हिरव्या केल्या. उघडून बघत बसायला वेळ होता कुठे?

चौदावी मात्र तिने उघडली. जे. एन., पोशेरा, एक जून, वर्षही तेच. वरचा कागद कालचा, जमना नामदेवचा. तब्येत ठीक. खालचा रविवारचा, जिवली नवसूचा, म्हणजे तिच्या सख्ख्या काकीचा. काकीच्याच ओट्यावर बसून तिने तो लिहिला होता. दुसऱ्या डोसनंतर उलट्या, डोळे पिवळे, तिसरा डोस द्यावा की नाही ते डॉक्टरांनी ठरवावे.

तिने सरांना सांगितलं की या दोघी वेगळ्या आहेत, एक तर माझी काकीच आहे. सर खुर्ची ओढून शेजारी बसले. वेगळ्या करायच्या तर मुंबईची परवानगी लागते, म्हणाले, त्यात आठ दिवस जातात आणि तोवर ओळ लाल. उद्या तपासणीचे साहेब विचारणार, या दोघी वेगळ्या, मग बाकीच्या तेरा ओळींतली माणसं एकच कशी? आणि त्या तेरांवर सही कुणाची आहे?

रविनाने खालचा कागद स्क्रीनवर मोठा केला.

“कागद कुठे जात नाही गं,” सर म्हणाले. “जुनी नोंद आत असतेच.”

“दिसते?”

“कुणी मागितली तर.”

संध्याकाळच्या जीपने ती घरी जाणारच होती. काकीला तोंडीच सांगू, डोसला येऊ नको म्हणून, असं तिने मनाशी ठरवलं. तेवढ्या भरवशावर तिने ‘होय’ दाबलं आणि सही केली. ओळ हिरवी झाली.

अर्धा तास झाला नसेल, जिन्यावर पावलं वाजली. दारात जिवलीकाकी उभी. बाजाराला आलेली, हातात सुकटीची पुडी. डोळ्यांतलं पांढरं आता हळदीसारखं दिसत होतं.

“मोबाइलवर मेसेज आला,” काकी धापा टाकत म्हणाली. “तब्येत बरी हाय, तिसरा डोस घ्यायला या. मी म्हटलं, बरी कुठं हाय? पन खाली तुझं नाव होतं. सोबतच्या पोरीनं वाचून दावलं. म्हनून आले.”

ओळ हिरवी झाली की सिस्टीम स्वतःच दोन्ही नोंदींतल्या नंबरांवर मेसेज धाडते, पडताळणाऱ्याचं नाव घालून. रविना हे साफ विसरली होती.

रोशनी सिस्टर पडद्याआडून बाहेर आल्या. त्यांनी काकीच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग सरांकडे.

“नोंदीत काय आहे?”

सरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “तक्रार नाही.”

थांबा म्हणायला रविना खुर्चीतून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. थांबा म्हटलं की त्या तेरा ओळीही उघडणार. आणि त्या तेरांत आणखी कुणाकुणाचे डोळे पिवळे आहेत, हे आता तिलाही सांगता येत नव्हतं.

सिस्टरांनी फ्रिज उघडला. सुई टोचायच्या आधी ओळख पटवायचा नियम आहे. अक्षरं जुळली, गाव जुळलं. मग त्यांनी जन्मतारीख विचारली.

“एक जून,” काकी बाही वर सारत म्हणाली, आणि रविनाकडे बघून हसली. “हिचीबी तीच.”