मॅनेजर दारात

"सूड घेतल्याशिवाय हा घरतांचा आनंदा मरनार नाय!" अशी भीष्मप्रतिज्ञा आनंदाने ओट्यावरून केली, आणि चहात साखर कमी म्हणून लगेच बायकोला हाक मारली.

ऑपरेशननंतर पोट शिवायच्या स्टेपलरमध्ये पिना भरणारं मशीन त्याने तळोज्याच्या कारखान्यात बावीस वर्षं सांभाळलं होतं. एखादी पिन उलटी पडली, तर त्याला ते नुसत्या आवाजावरून कळायचं. तरी पनवेलच्या हॉटेलात निरोपाचा नारळ देताना मॅनेजर रेगे सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आनंदाचं काम काय, माकडही करेल!" तेव्हाच आनंदाने ठरवलं. एक दिवस मशीन अडेल, रेगे दारात येऊन हात जोडेल, आणि आपण नाय म्हणायचं.

सातव्या महिन्यात रेगे खरंच आले, तेही भर दुपारी, घामाघूम होऊन.

"आनंदाभाऊ, जरा अडचण झालीय..."

"बसा तितं उनात!"

आनंदा आत गेला, सावकाश दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि बाहेर येऊन बावीस वर्षांचं साठलेलं सगळं सुनावलं. आळी गोळा झाली. रेग्यांनी तोंड उघडलं की आनंदा गरजे, "आदी ऐकायचा! आता बोलवा तुमच्या माकडाला, मी नाय येनार!"

अखेर रेग्यांनी खरोखरच हात जोडले.



"तुम्ही नकाच येऊ हो. हायवे बंद आहे, म्हणून नव्या मशीनचा ट्रेलर तुमच्या गावातून काढलाय. तेवढी तुमची स्कूटर जरा बाजूला घेता?"