एकशे साठ मिलिग्रॅम

"किती म्हणालासा?" भरमाप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"चारशे दहा मिलिग्रॅम," हंबीरराव वकील म्हणाले. "पंचनाम्याला सराफ बोलावला होता. त्याच्या काट्यावर तोललंय, त्याची सही हाय."

"आन् चालतंय किती?"

"चालत काहीच न्हाय, आण्णा. अडीचशेच्या आत असलं आणि स्वतःपुरतं असलं, तर फार तर वर्षभर. वर गेलं की दहा वर्षं. त्याच्या खाली न्यायाधीशालासुद्धा येता येत नाही."

भरमाप्पा छत्तीस वर्षं शाहूपुरीत गुळाच्या ढेपा तोलत होते. तीस किलोच्या ढेपेत शंभर ग्रॅम इकडंतिकडं झाले तर ते हसून सोडून देत. एकशे साठ मिलिग्रॅम म्हणजे किती, हे त्यांच्या डोक्यात बसेना. वकिलांनी चहाच्या साखरेतली अर्धी चिमूट टेबलावर टाकून दाखवली. पंख्यानं ती उडाली.

सत्त्याण्णव साल होतं. भरमाप्पांचा एकुलता एक संगमेश स्टेशनमागं एका पुडीसकट सापडला होता. ब्राऊन शुगर, असं पेपरात आलं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात या नावानं पोरगं आत जातं, म्हणून भरमाप्पांच्या ओळखीच्या दोघांनी कारखान्याच्या संचालकाकडं वशिला लावायची तयारी दाखवली. त्यांना बसवून समजवावं लागलं.

"परदेशात काही ठिकाणी असल्या पोराला डॉक्टरकडं नेतात म्हणं," हंबीरराव म्हणाले. "आपल्याकडं काट्यावर नेतात. सरकारी तपासणीचा कागद आलाय. हेरॉइन हाय आणि त्यात पिठासारखं काहीतरी मिसळलंय."

"मग पिठाचं वजन वजा करा की!"

"कोर्ट पुडी तोलतं. चाळत न्हाय."

कोपऱ्यातल्या खुर्चीत भरमाप्पांची बायको महादेवी बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली.

"पीठ कसलं, ते लिवलंय का?"

"न्हाय अक्का. आणि लिहून फायदाही न्हाय."

"बघा, तिलाबी संशय आलाय," भरमाप्पा म्हणाले. "आवो, पुडी इकणारा कधी जास्त देतोय व्हय? हे मागनं वाढवलंय. पोलिसांनीच."

हंबीररावांनी कोर्टात तेच मांडलं. फौजदारानं शपथेवर नाही म्हटलं, सराफानं काटा दाखवला. संगमेश सांगत राहिला की पुडी रोजचीच होती, दोनशेच्या आतली. दहा वर्षांची शिक्षा झाली.

गल्लीनं हळहळ केली. महादेवीची गल्लीत ख्याती होती. सासूची चाळीस वर्षांची तंबाखूची मिश्री तिनं तीन महिन्यांत सोडवली होती. भांडण नाही, डबी फेकणं नाही. कधी सुटली हे म्हातारीला स्वतःलाही कळलं नाही. पोराचं मात्र तिला जमलं नाही, असं बायका नळावर हळू आवाजात म्हणत.

कळंब्याच्या तुरुंगात पहिल्या भेटीला संगमेश जाळीपलीकडं उभा राहिला. तब्येत बरी दिसत होती.

"अप्पा, तुम्हाला खोटं वाटंल," तो म्हणाला, "पर पकडायच्या आधी म्हैनाभर रोजच्या चिमटीला मला ती चढतच नव्हती. सुटत आलती. हाताचं थरथरणंबी थांबलंतं."

"भेसळीचाच धंदा सगळा," भरमाप्पा म्हणाले.

"म्हैनाभर?" महादेवीनं विचारलं.

"व्हय अव्वा. अजून पंधरा दिवसांत सोडलीच असती."

महादेवीनं बोटांवर दिवस मोजले. भेट संपली तरी ती मोजतच होती.

दोन हजार एक साली कायदा बदलला. हंबीरराव स्वतः कागद घेऊन घरी आले. आता हेरॉइनची कमी मात्रा पाच ग्रॅमपर्यंत.

"आज सापडला असता तर फार तर सहा महिने."

"मग सोडा की!"

"जुन्या निकालांना लागू न्हाय, आण्णा."

त्यानंतर भरमाप्पांनी सराफी काटा विकत आणला. दुपारी दुकानातून आले की सोप्यात बसून ते एकशे साठ मिलिग्रॅम तोलत. कधी मीठ, कधी राख, कधी गुळाची भुकटी. चिमट्यानं एवढीशी वजनं ठेवत आणि पारडं सरळ झालं की विचारत, "एवढं कुणी घातलं असंल गं?"

पूर्वी संगमेश आंघोळीला गेला की महादेवी त्याचा सदरा झटकून, खिसे नीट करून परत अडकवायची. तो सदरा अजून त्याच खुंटीला होता. दर सोमवारी ती तो धुवायची, आणि येता-जाता त्याचे खिसे चाचपायची.

पुढच्या वर्षी उचगावची शालूबाई आली. पूर्वी ती याच गल्लीत राहायची. सोप्यात भरमाप्पांना नमस्कार करून ती स्वयंपाकघरात गेली आणि पदरात तोंड घालून रडली.

"अक्का, आमच्या आदर्शच्या खिशात पुडी घावली. त्याच्या बापाला सांगितलं तर जीव घील त्याचा. तुम्ही सासूची मिश्री सोडवलासा, तसं ह्याचं काय करता यील का?"

बाहेर चिमट्यानं वजनं ठेवल्याचा बारीक आवाज येत होता. महादेवीनं तवा काढला.

"नाचणी तांबूस हुईपतोर भाजायची," ती म्हणाली. "फडक्यातनं गाळायची. मिश्रीच्याच रंगाची दिसती. डबीत रोज आदल्या दिवसापेक्षा वाईच जास्त घालायची. म्हातारीला कळलं न्हाय."

"पर ही म्हातारी न्हवं, अक्का. पोराला कळंल की."

"पोराला बी कळत न्हाय."

बाहेरचा आवाज थांबला. महादेवीनं नाचणी तव्यावर ओतली.

"फकस्त, जेवढी घालशील तेवढी पुडीतली आधी काढून टाक, शालू. वजन वाढू दिऊ नगंस."